क्लचबाईंची नागीण

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला क्लचबाईंनी शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या विद्यार्थ्यांनी कधी ना कधी धडक दिली होती, असं त्यांचा नवराच चारचौघांत सांगायचा. हे नाव पडलं होतं त्यांच्या तोंडच्या एकाच शब्दावरून. शिकाऊ माणूस गाडीत बसला की बाई तो तीन सुरांत म्हणायच्या. पहिला ‘क्लच’ समजावणीचा, दुसरा ताकिदीचा, आणि तिसरा कानावर येईपर्यंत त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबलेला असायचा. सव्वीस वर्षांत त्यांनी गाडीत कुणावर आवाज चढवला नव्हता. घरी मात्र त्याची कसर भरून निघे. नवऱ्याचं बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवायचं दुकान होतं. दिवसभर कानस घासून घासून त्याला कमी बोलायची आणि जास्त ऐकायची सवय झाली होती, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

एकसष्टावं वर्ष लागलं आणि एका गुरुवारी बाईंच्या पाठीत, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, खाज सुटली. काहीतरी चावलं असेल म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी तिथे आग व्हायला लागली. चौथ्या दिवशी पाठीपासून काखेखालून थेट छातीच्या खालपर्यंत, हातभर पट्ट्यात, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांची रांग उठली.

नणंद भेटायला आली होती, तिने गाऊन बाजूला करून बघितलं आणि डोळे मोठे केले.

“वहिनी, ही तर नागीण. बघ हं, हिचं तोंड आणि शेपटी एकमेकांना भेटली ना, की माणूस हातचा जातो म्हणतात.”

“म्हणजे मी आता दिवसभर आरशात बघत बसू, कुठवर आली ते?” बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी दोनदा आरशात बघितलं.

घराजवळच्या डॉक्टरांनी ही भीती काढून टाकली. लहानपणी कांजिण्या झाल्या असतील, त्यांचाच विषाणू नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की जागा होतो, असं त्यांनी सांगितलं. तो नसेच्या वाटेनेच बाहेर येतो, म्हणून फोड असे रांगेत उठतात. डाव्या नसा डावीकडे, उजव्या उजवीकडे. तोंड-शेपटीची भेट व्हायचा प्रश्नच नाही. “मात्र दोन दिवस आधी यायला हवं होतं,” असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. कातडीवर फिकट डाग तेवढे राहिले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि इथेच खरं दुखणं सुरू झालं.

फोड गेले, पण आग गेली नाही. ती त्याच पट्ट्यात, कातडीच्या आत कुठेतरी धुमसत राहिली. मधूनच कुणी सुरी तापवून ओढावी तशी कळ यायची आणि बाईंचा श्वास अर्ध्यावर थांबायचा. त्याहून वाईट म्हणजे हलका स्पर्श. जोरात दाबलं तर एक वेळ सहन व्हायचं, पण कपड्याची घडी नुसती घासली, पंख्याचा वारा लागला, अंघोळीचं पाणी ओघळलं, की जिवाचं पाणी पाणी व्हायचं. अंगासरशी कपडे त्यांनी कधीच बाजूला टाकले. नवऱ्याचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले शर्ट डाव्या बाजूला उसवून त्या घालायला लागल्या. झोपायचं ते उजव्या कुशीवर, आणि पांघरूण अंगावर यायला नको म्हणून मधे उशी उभी करून.

आणि लोक म्हणायचे, दिसत तर काहीच नाही.

हे वाक्य बाईंना कळांपेक्षा जास्त लागायचं. नणंदेने तर एकदा प्रेमानेच सांगितलं, “वहिनी, मनावर घेतेस म्हणून होतं ते. कशाततरी जीव गुंतव.” जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, एवढं बाईंनी मनात म्हटलं आणि चहा टाकायला उठल्या.

औषधं झाली. कातडी बधिर करणाऱ्या पट्ट्या लावून झाल्या, त्यांनी थोडा वेळ बरं वाटायचं. नसांच्या गोळ्या वाढवत वाढवत नेल्या, तेव्हा कळा जरा बोथट झाल्या, पण डोकंही त्यांच्याबरोबर बोथट झालं. एका दुपारी बाई खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दाराला पाच मिनिटं आपली किल्ली लावत उभ्या राहिल्या, आणि वर जाऊन नवऱ्याला फोन केला, की तुम्ही बनवलेली किल्ली लागत नाही, धंदा बंद करा. अशा डोक्याने शिकाऊ माणसाशेजारी बसणं धोक्याचं, हे त्यांना कळत होतं. म्हणून कामाच्या दिवशी त्या सकाळची गोळी चुकवायच्या आणि कळा दाताखाली धरून गाडीत बसायच्या.

गाडीत बेल्ट होता. तो नेमका दुखऱ्या पट्ट्यावरून जायचा. आधी त्यांनी मधे टॉवेल घातला, मग उशीचा अभ्रा. शेवटी एक दिवस त्यांनी बेल्ट पाठीमागे सरकवला आणि टोक तेवढं खटक्यात अडकवलं, शिकणाऱ्याला दिसू नये म्हणून. त्या दिवशी निवृत्त पोस्टमन शिकायला होते. बावन्न वर्षांच्या सायकलीनंतर त्यांनी गाडी शिकायला घेतली होती. वळणावर समोरून कुत्रं आलं, पोस्टमननी ब्रेकवर दोन्ही पाय दिले आणि बाई पुढच्या फळीवर छातीने आदळल्या.

हाड मोडलं नाही. पण पोस्टमन बाहेर येऊन त्यांच्या बाजूचं दार उघडून उभे राहिले, तेव्हा त्यांची नजर पाठीमागच्या बेल्टवर गेली. ते एवढंच म्हणाले, “बाई, पहिल्या दिवशी तुम्ही मला बेल्ट न लावता किल्लीला हातसुद्धा लावू दिला नव्हता.”

बाईंना कळेपेक्षा लाज जास्त वाटली. त्यांनी गाडी जागेवर नेऊन लावली, ड्रायव्हिंगच्या शाळेच्या मालकांना सांगितलं की मी उद्यापासून येत नाही, आणि चालत घरी गेल्या.

सात महिने झाले होते. आता घराजवळच्या डॉक्टरांनीच हात टेकले आणि सुई टोचून नस बधिर करणाऱ्या, दुखण्याच्या खास डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. दुखण्याचेसुद्धा वेगळे डॉक्टर असतात हे बाईंना नव्याने कळलं.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. खोलीत एक उंच टेबल, भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र, आणि खुर्चीत पस्तिशीची एक बाई. तिने कागदावरून नजर वर केली आणि ताडकन उभी राहिली.

“बाई, ओळखलंत? मी दिव्याच्या खांबाची.”

क्लचबाईंनी ओळखलं. विसरणं शक्यच नव्हतं. बारा वर्षांपूर्वी ही मुलगी दोनदा परीक्षेत नापास झाली होती, आणि सरावाच्या मैदानातला एकुलता एक दिव्याचा खांब तिने तीनदा ठोकला होता. गाडी मागे घेताना ती डोळे मिटून घ्यायची. घाबरली की श्वास रोखायची. बाईंनी तिला ठरलेल्या धड्यांपेक्षा अकरा धडे जास्त दिले होते, निव्वळ हट्टाने.

“तू सुया टोचतेस?” बाईंनी विचारलं.

“हो, बाई.”

“डोळे उघडे ठेवून?”

नवरा खोकला. डॉक्टर मात्र मोकळी हसली. “तुम्हीच उघडायला शिकवलंत. बसा.”

मग तिने जे केलं ते सात महिन्यांत कुणी केलं नव्हतं. कापसाची वात करून ती बाईंच्या पाठीवर, अगदी टोकाने, दूरवरून जवळ आणत गेली, आणि बाई दचकल्या की तिथे पेनाने ठिपका. वरून, खालून, मागून, पुढून. शेवटी तिने ठिपके जोडले आणि आरसा समोर धरला. बाईंच्या अंगावर एक निळी हद्द आखलेली होती.

“इथून इथपर्यंत दुखतं. या रेषेबाहेर नाही. बरोबर?”

बाईंनी मान हलवली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. दुखणं दिसत होतं. चांगलं निळ्या शाईत दिसत होतं. नवऱ्याने रुमाल पुढे केला, त्याला कानशीचा वास येत होता.

डॉक्टरने नीट समजावलं. विषाणू गेला, पण जाता जाता नस दुखावून गेला. ती आता विनाकारण मेंदूला दुखण्याचे निरोप धाडत बसते. या नसेचं मूळ पाठीच्या कण्याच्या बाजूला आहे. तिथे एक बारीक सुई न्यायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत, आणि बधिर करणारं औषध सोडायचं. कापाकापी नाही, टाके नाहीत, पूर्ण भूल नाही. तासाभरात घरी.

“दुखतंय छातीला आणि सुई पाठीत,” बाई म्हणाल्या. “जखम मांडीला आणि मलम शेंडीला.”

“या दुखण्यात मलम शेंडीलाच लावावं लागतं, बाई. आणि धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. फुप्फुस जवळ असतं. क्वचित कुणाला सुई लागून छातीत हवा भरते, कुणाला थोडं रक्त येतं. म्हणून तर पडदा बघत जायचं. आणि बऱ्याच जणांना बरं वाटतं, सगळ्यांना नाही.”

बाईंना तिचं ते शेवटचं वाक्य आवडलं. शंभर टक्के पास करून देतो म्हणणाऱ्या शाळांवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. त्या हो म्हणाल्या.

पण घरी नणंद होती. कण्यापाशी सुई गेली की माणूस कायमचा आडवा होतो, तिच्या मैत्रिणीच्या मावससासऱ्यांचं असंच झालं, अशी तिची माहिती होती. मावससासऱ्यांना नेमकं काय झालं होतं हे तिला सांगता येईना, पण ते आडवे झाले हे नक्की. शंकेला एकदा फट मिळाली की ती दार करते. ठरलेल्या सकाळी दवाखान्याचा मागून उघडा झगा घालून बाई पलंगावर बसल्या, दिव्याचा खांब तीनदा डोळ्यांसमोर आला, आणि त्या उठल्या. चपला घातल्या. बाहेर बाकावर नवरा बसला होता, त्याच्यापुढे त्याच झग्यात येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, चला घरी.”

त्याने वर बघितलं. मग शेजारची जागा हाताने झटकली, तशा बाई बसल्या.

“जाऊ,” तो म्हणाला. “तू म्हणशील तसं. फक्त एक सांगतो. पस्तीस वर्षं मी तुझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कधी विचारलं नाही. आता सात महिने विचारून ठेवतो, आणि तू नाही म्हणतेस. तुझं दुखणं तुझं आहे, मला त्यातलं काही घेता येत नाही. पण थोडं माझंही झालंय, अगं.”

इतकी सलग वाक्यं तो लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा बोलला नव्हता. बाईंनी चपला तिथेच बाकाखाली काढल्या आणि अनवाणी आत गेल्या.

पहिली सुई वाटली त्यापेक्षा सोपी गेली. पालथं झोपायचं, कातडीला भूल देताना एक चटका, मग नुसता दाब. पंधरा मिनिटांत डॉक्टर म्हणाली, झालं. बाई उठून बसल्या आणि वाट बघत राहिल्या. कळ आली नाही. त्यांनी दुखऱ्या जागी झग्याची कड मुद्दाम घासून बघितली. बोट दुसऱ्या कुणाच्या अंगाला लावल्यासारखं वाटलं. तासभर त्यांना तिथेच ठेवून, श्वास तपासून, डॉक्टरने घरी सोडलं.

त्या दुपारी बाई डाव्या कुशीवर झोपल्या. झोपेतून उठल्या तेव्हा गालावर चादरीच्या वळ्या उमटल्या होत्या. मग त्यांनी गरम पाण्याने डोक्यावरून अंघोळ केली आणि पाणी संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरता चिरता पाठीत ओळखीची ठिणगी पडली. अर्ध्या तासात सगळी आग जागच्या जागी हजर. बाई विळीवरून उठल्या आणि भिंतीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. सात महिन्यांत हातपाय गाळले नव्हते, ते आता गळाले. दुखण्याची एक सवय झाली होती, ती एका दिवसाच्या सुखाने मोडून टाकली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

“परत आलंय सगळं,” त्या म्हणाल्या. “होतं तस्सं.”

“किती तासांनी?” डॉक्टरच्या आवाजात चक्क उत्साह होता.

“दीड दिवस. तुला आनंद कसला होतोय?”

“बाई, औषध कधीतरी उतरणारच होतं. काहींना आठवडे पुरतं, काहींना तास. पण दीड दिवस पूर्ण थांबलं, म्हणजे नस हीच. आपल्याला पत्ता सापडला. आता दुसरं पाऊल. त्याच जागी सुई न्यायची आणि विजेचे अगदी बारीक ठोके द्यायचे. नस जाळायची नाही, तिची फक्त भडकायची सवय मोडायची. पण या वेळी मला तुमची मदत लागेल.”

“माझी काय मदत?”

“तुम्ही सांगायचं, मी चालवायचं.”

दहा दिवसांनी बाई पुन्हा त्याच टेबलावर पालथ्या झोपल्या. या खेपेला चपला आधीच बाहेर काढून आल्या होत्या. गुंगीचं औषध दिलं नाही, कारण त्यांना जागं राहायचं होतं. सुई आत गेली. डॉक्टरने हलका प्रवाह सोडला.

“मुंग्या कुठे येतायत?”

“बरगडीवर. पण वर. निळ्या रेषेच्या वर.”

सुई किंचित सरकली. “आता?”

“अजून वर गेलीस. खाली ये.”

खोलीत यंत्राचा बारीक आवाज तेवढा होता. पालथं पडल्यामुळे बाईंना डॉक्टर दिसत नव्हती, पण तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तो थांबल्याचंही त्यांना ऐकू आलं. बारा वर्षांपूर्वी गाडी मागे घेताना थांबायचा तसाच. बाईंची भीती तिथल्या तिथे कुठे गेली कुणास ठाऊक. शेजारी शिकाऊ माणूस घाबरला की सव्वीस वर्षं त्यांच्या अंगात जे यायचं, ते आलं.

“श्वास सोड,” त्या शांतपणे म्हणाल्या. “घाई नाही आपल्याला. पडदा बघ. बारीक खाली घे. अजून. थांब.” मुंग्या पाठीतून निघाल्या, काखेखालून वळल्या आणि छातीखाली येऊन थांबल्या, नेमक्या त्या पट्ट्यातून, सुतभरही इकडेतिकडे नाही. “इथेच. आता हलू नकोस.”

“नाही हलत, बाई,” डॉक्टर म्हणाली आणि तिने श्वास सोडला.

ठोक्यांना सहा-सात मिनिटं लागली. टकटक टकटक, आत कुणीतरी नखाने दारावर वाजवावं तसं. सुई काढून तिथे लहानशी पट्टी लावताना डॉक्टरने बजावलं, लगेच फरक शोधू नका. पहिला आठवडा उलट जास्त दुखेल.

तसंच झालं. पहिल्या आठवड्यात बाईंनी दोनदा डॉक्टरला आणि एकदा नणंदेला शिव्या दिल्या, दोघींनाही मनातल्या मनात. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. त्या मुंग्या कधी चालायला लागल्या ते बाईंना कळलंसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्या खिडकीतून शेजारणीशी अर्धा तास बोलत उभ्या होत्या. वारा अंगावर येत होता, शर्ट फडफडत होता. बोलणं संपवून आत वळल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की वाऱ्याकडे आपलं लक्षच गेलं नाही. त्या परत खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, मुद्दाम, पाठ वाऱ्याकडे करून. थोडं चुरचुरलं. बस, तेवढंच.

गोळ्या हळूहळू निम्म्यावर आल्या, मग एकावर. डोक्यातलं धुकं विरलं. दोन महिन्यांनी बाईंनी मालकांना फोन केला. पहिल्याच दिवशी पोस्टमन हजर होते. एवढे दिवस त्यांनी दुसऱ्या कुणाकडून शिकायला नकार दिला होता. बाईंनी त्यांच्यादेखत बेल्ट ओढला, छातीवरून घेतला, खटक्यात अडकवला आणि एक क्षण तशाच बसल्या. दाब जाणवत होता. दुखरी जागा कुरकुरत होती, पण किंचाळत नव्हती. “चला,” त्या म्हणाल्या, आणि पोस्टमननी पहिल्याच झटक्यात गाडी बंद पाडली.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टरने पुन्हा कापूस फिरवला. निळी हद्द आता तळहाताएवढ्या जागेपुरती आक्रसली होती.

“शंभरातलं किती गेलं म्हणाल?”

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “सत्तर. बहात्तर म्हण.”

“परत वाढलं तर पुन्हा ठोके देता येतील. आणि त्यानेही नाही भागलं तर आणखी मार्ग आहेत. उरलेलं पूर्ण जाईलच असं नाही सांगू शकत.”

“उरलेलं मी सांभाळते,” बाई म्हणाल्या. “सत्तर टक्क्यांना आमच्याकडेही पास करतात.”

परतताना नवरा गाडी चालवत होता आणि बाई शेजारी बसल्या होत्या. बाजारातून जायचं की नदीच्या पुलावरून, यावर त्याने आपलं मत दिलं. बाईंनी ते खोडलं. त्याने पुन्हा दिलं, यावेळी जरा मोठ्याने, आणि गाडी सरळ पुलाकडे घातली. पुलावर अर्थातच गर्दी होती.

“सांगत होते,” बाई म्हणाल्या. “ऐकायचं नाही म्हणजे नाही. पस्तीस वर्षं एकच तऱ्हा.”

“बाजारात याहून जास्त असती.”

“तुम्हाला काय माहीत?”

“माझं दुकान आहे तिथे.”

तेवढ्यात बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. गेल्या कित्येक महिन्यांत या माणसाने त्यांच्याशी एकदाही वाद घातला नव्हता. जे म्हणतील त्याला हो, जे मागतील ते पुढ्यात. त्यांनी बाजूला वळून बघितलं. तो समोरच्या ट्रककडे बघत होता, कपाळाला आठी घालून, अगदी बरोबर असल्याच्या ऐटीत.

“पुढच्या वेळी बाजारातून,” त्या म्हणाल्या.

“बघू,” तो म्हणाला, आणि दोघंही गर्दी सुटायची वाट बघत बसली.